हवा काढायची आहे

थंडोबाच्या गॅरेजमध्ये तापलेली गाडी आली की तो आधी गाडीवाल्याला बाकावर बसवतो. गाडीकडे नंतर बघतो. गाडीवाल्याच्या तोवर कानांतून वाफा निघत असतात. त्याची मीटिंग असते, त्याचं विमान असतं, त्याची सासू स्टेशनवर बॅगा घेऊन उभी असते. थंडोबा सगळं शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "बरोबर आहे. बसा. गार होऊ दे."

हे ‘गार होऊ दे’ गाडीबद्दल असतं की गाडीवाल्याबद्दल, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

बाक म्हणजे एक जाड फळी आहे. तिचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली कुठल्याशा स्वर्गवासी इंजिनाचा पिस्टन सरकवलेला आहे. इंजिन गार व्हायला पाऊण तास लागतो आणि माणूस गार व्हायलाही साधारण तेवढाच, असं थंडोबाचं म्हणणं. एकदा एक नवराबायको घटस्फोटाचे कागद घेऊन कोर्टात निघाले होते. एकाच गाडीतून, कारण पेट्रोल जाळायचं कशाला दोघांनी. गाडी तापली. पाऊण तास बाकावर शेजारी शेजारी बसले. फळी डुगडुगते, त्यामुळे एक उठला की दुसऱ्याला तोल सावरावा लागतो. शेवटी कंटाळून एकमेकांशी बोलले. कोर्टाची वेळ टळली ती टळलीच. ते दोघं आजही थंडोबाला शिव्या घालतात. शिव्या घालायला येतात मात्र एकाच गाडीतून.

थंडोबाचं खरं नाव आईवडिलांनी काहीतरी ठेवलेलं आहे, यापलीकडे त्याबद्दल कोणाला माहिती नाही. अंगाने तो गोल, चालीने संथ आणि बोलण्यात त्याहून संथ. त्याने ‘नमस्कार’ म्हणायला सुरुवात केली की समोरचा चहा मागवून ठेवतो. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत एक जुना भाजल्याचा डाग आहे. त्या डागाची गोष्ट पुढे येईलच, कारण थंडोबाचं सगळं आयुष्यच त्या डागातून निघालेलं आहे.

गाडीच्या शंभर दुखण्यांपैकी त्याचा खरा जीव एकाच दुखण्यावर. ते म्हणजे हवा. इंजिनाभोवती पाणी फिरतं, म्हणजे आता कूलंट म्हणतात ते रंगीत पाणी. इंजिनाची उष्णता घ्यायची, रेडिएटरमध्ये नेऊन टाकायची, परत यायचं, अशी त्याची दिवसभर ये-जा चालू असते. पण पाणी बदललं आणि आतली हवा नीट बाहेर काढली नाही, तर एखादा बुडबुडा वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. घरी आलेला लांबचा पाहुणा जसा नेमकी पंख्याखालची खुर्ची पकडतो आणि उठत नाही, तसा. पाणी त्याच्यापाशी येऊन अडतं. टाकी भरलेली दिसते, मालक शीळ वाजवत गाडी हाकतो आणि आत इंजिन भाजून निघत असतं.

"हवा वर चढते," थंडोबा बाकावरच्या मंडळींना समजावतो. "गाडीत काय आणि माणसात काय. आणि वर चढून बसली की स्वतःहून खाली येत नाही. काढावी लागते."

काढायची त्याची पद्धत ठरलेली. आधी गाडी पूर्ण गार. किती गार, तर वरच्या जाड नळीवर तळहात ठेवायचा आणि सावकाश वीस अंक मोजायचे. हात न उचलता वीस झाले तर पुढचं बोलायचं. मग झाकणावर जाड फडकं टाकून, तोंड बाजूला वळवून, झाकण आधी थोडंसं फिरवायचं. आत दाब असलाच तर तो तेवढ्यात सुस्कारा टाकून निघून जातो. मग उघडायचं. पुढची चाकं उताराच्या वरच्या बाजूला, म्हणजे बुडबुड्यांना वर पळायला वाट. वर फनेल. गाडीतला हीटर पूर्ण गरमवर. इंजिन सावकाश चालू. आणि वरच्या बाजूला हवा काढायचा एक चिमुकला स्क्रू असतो, तो अर्धा आटा ढिला. त्यातून आधी फुसफुस येते, मग थुंकल्यासारखं पाणी येतं, मग फुसफुस, मग पाणी. शेवटी दोऱ्यासारखी अखंड धार आली की स्क्रू बंद. या सगळ्यात थंडोबाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी लोकांच्या चेहऱ्यावर देवळातसुद्धा पाहिलेलं नाही.

गॅरेजची दुसरी पद्धत पाटीची. शाळेतली असते तशी पाटी प्रत्येक गाडीच्या आरशाला दोरीने लटकते आणि तीवर राहिलेलं काम खडूने लिहिलेलं असतं. ‘ब्रेक बघायचे.’ ‘आवाज येतो म्हणे.’ एका गाडीवर तर आठवडाभर ‘काहीही झालेलं नाही, मालकाला सांगायचं कसं’ अशी पाटी होती. शेवटी ती मालकानेच वाचली.

आता डाग. थंडोबा बावीस वर्षांचा असताना दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये शिकत होता आणि तेव्हा तो थंडोबा नव्हता. चांगला चटपटीत होता, असं सांगणारे लोक आहेत. मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. एक गिऱ्हाईक तापलेली गाडी घेऊन आलं, घाई आहे घाई आहे म्हणून डोक्यावर बसलं आणि या पठ्ठ्याने गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं. नेमकी त्याच क्षणी शिंक आली म्हणून तोंड वळलं. डोळे वाचले. हात वाचला नाही.

इस्पितळात ड्रेसिंग करायला एक शिकाऊ परिचारिका होती. तिने पट्टी सोडता सोडता विचारलं, "एवढी कसली घाई होती?"

"मला नव्हती. गिऱ्हाईकाला होती."

"मग गिऱ्हाईकाचा हात कुठाय?"

या प्रश्नाचं उत्तर थंडोबाला सुचेना. जखम महिन्यात भरली, उत्तर शोधायला तो तीन महिने ड्रेसिंगला जात राहिला. शेवटी त्या शिकाऊ मुलीनेच सांगितलं, की पट्टीखाली आता काही नाही, तेव्हा पुढचं काय ते बोला. तो बोलला. ती म्हणाली, "एका अटीवर. गरम झाकण पुन्हा उघडणार नाही, असा शब्द द्या. कोणासाठीही नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

त्याने शब्द दिला. आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

कारण लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाची गाडी वाटेत तापली. मित्र म्हणाले, उघड, पाणी ओत, निघू. थंडोबा म्हणाला, "शब्द दिलाय. गार होऊ दे." इकडे फोटोग्राफरला दुसरं लग्न गाठायचं होतं. त्याने दोन्हीकडची मंडळी मांडून ग्रुप फोटो काढून टाकला. तो फोटो त्यांच्या बैठकीच्या खोलीत आजही आहे. मधोमध नवरी बसलीय, डोळ्यांत खून चढलाय. शेजारी रिकामी खुर्ची. आणि खुर्चीमागे नवरीचे वडील उभे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, जावई तिथं बसलाय असं स्वतःला बजावत.

त्यानंतरच्या एकतीस वर्षांत थंडोबा बायकोसाठी कुठेही वेळेवर पोचलेला नाही. मुलीच्या जन्माला तो मुलगी आंघोळ करून झोपल्यावर आला. बायकोला, म्हणजे आता सगळ्या गावाच्या ‘सिस्टर’ना, उत्तम परिचारिका म्हणून गौरवलं तेव्हा टाळ्या संपल्यावर आला आणि एकटाच वाजवत राहिला. दर वेळी कुठल्या तरी गाडीचं कुठलं तरी इंजिन गार होत होतं.

"शब्द मीच मागितला," सिस्टर म्हणतात. "माझीच चूक. अट घालताना घड्याळ घालायला विसरले."

तर या सिस्टर त्या दिवशी निवृत्त व्हायच्या होत्या. सकाळी सहाला शेवटच्या ड्यूटीवर निघताना दारात उभ्या राहून त्यांनी सांगितलं, "चार वाजता हॉलमध्ये. मला भाषणं नकोत, भेट नको. आपल्या दोघांचा शेजारी शेजारी बसलेला एक धड फोटो नाही या घरात. तो पाहिजे. फोटोग्राफरला पुढे दुसरं काम आहे, तो थांबणार नाही. आणि या वेळी मीही थांबणार नाही. पुन्हा तुमच्या मागे ‘चला, निघा’ म्हणून लागणार नाही. कधीच नाही. एकटी जाईन, एकटी येईन."

सिस्टर चिडून बोलल्या असत्या तर थंडोबाला काही वाटलं नसतं, सवय होती. त्या हळू बोलल्या.

तो साडेसहाला गॅरेजमध्ये हजर. स्वतःची गाडी त्याने आदल्या दिवशीच कामाला काढली होती. मेकॅनिकची स्वतःची गाडी म्हणजे काय असते ते सांगायला नको. गावातल्या सगळ्या गाड्यांना लावून उरलेले भाग जिच्यात बसवतात ती. तिची एक नळी त्याने बदलली होती, नवं कूलंट भरलं होतं. हवा काढायची तेवढी राहिली होती. ते काम दुपारी निवांतपणे करावं, दोनला निघावं, पाऊण तासाचा रस्ता, पावणेतीनला पहिल्या रांगेत जाऊन बसावं, असा त्याचा बेत. आरशाला पाटी लटकवून त्याने तीवर लिहिलं, ‘हवा काढायची आहे.’ आणि दोन गल्ल्या पलीकडे एका डॉक्टरीणबाईंची गाडी सुरू होईना म्हणून तो तिकडे गेला.

याच वेळी सिस्टरांचा धाकटा भाऊ मदतीला आला.

या भावाला सगळे अर्जंटराव म्हणतात. पंचेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ नेहमी घाईत असतो. त्याला जायचं कुठं असतं ते त्यालाही ठाऊक नसतं. लिफ्टचं बटण तो लिफ्ट येईपर्यंत दाबत राहतो. चहा गरम असला तरी फुंकत नाही, वेळ जातो म्हणून. त्यामुळे त्याची जीभ बारा महिने पोळलेली. ताईचा निरोप समारंभ, भावजींना उशीर व्हायला नको, या एकाच कळकळीने तो गॅरेजमध्ये शिरला. भावजी जागेवर नाहीत. गाडीवर पाटी. पाटीवर काम स्पष्ट लिहिलेलं. इतकं सोपं काम पाहून अर्जंटरावाला भरून आलं.

दीड वाजता थंडोबा परत आला. पाटीवरचा मजकूर पुसलेला होता आणि त्या जागी लिहिलं होतं, ‘काढली.’

थंडोबा पाटीकडे बघत राहिला. मग त्याला जाणवलं, की आपली गाडी आज जरा बुटकी वाटतेय. त्याने खाली पाहिलं. चारही टायर जमिनीवर पसरले होते, पंगतीतून उठलेल्या माणसाच्या पोटासारखे.

"भावजी, झालं काम!" अर्जंटराव बाकावरून उठला. बाक डुगडुगला. "पाचही टायरांची काढली. डिकीतल्या स्टेपनीची पण. तुम्ही लिहिलं नव्हतं, पण म्हटलं अर्धवट काम कशाला."

थंडोबाने कपाळाला हात लावला. कपाळावर काळा पंजा उमटला.

"मेहुणे," तो म्हणाला, "हवा पाण्यातली काढायची होती."

"पाण्यात हवा असते?"

"असते."

"मग टायरमध्ये काय असतं?"

"आता काही नाही."

अर्जंटरावाचा चेहरा असा पडला, की पाच टायरांसोबत हा सहावा. "मग भरू या की! तुमचा तो कॉम्प्रेसर..." तो म्हणाला. कॉम्प्रेसर कोपऱ्यात एका तबकात होता. संपूर्ण होता, पण सुटा. थंडोबाने आठवड्यापूर्वी तो दुरुस्तीला उघडला होता आणि तो गार व्हायची वाट बघत होता.

राहिला पायपंप. पायपंपाने चार टायर भरणं हे काम तरुण माणसाने मन मारून करायचं. इथे छप्पन्न वर्षांचा थंडोबा आणि पंचेचाळीसचा अर्जंटराव आळीपाळीने पंपावर नाचत होते. अर्जंटरावाच्या घाईला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग सापडला. तो एका मिनिटात ऐंशी वेळा पाय मारी आणि दुसऱ्या मिनिटाला भिंतीला टेकून डोळे फिरवी. शेवटी चारही टायर उठून उभे राहिले तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती. दोघांच्या तोंडाला फेस आला होता. स्टेपनी तशीच पडून राहिली.

थंडोबाने तोंड धुतलं, पांढरा शर्ट चढवला. हात मात्र काळेच, कपाळावरचा पंजाही तसाच. ते काळं साबणाने जात नाही, निवृत्त झाल्यावर जात असेल तर असेल. तो गाडीसमोर उभा राहिला. हवा काढायची तर तास तरी हवा. निघायचं तर आता.

आम्ही बाकावर तीन-चार जण होतो. कोणी श्वास घेतला नाही. कारण एकतीस वर्षांत या माणसाने कुठलीही गाडी हवा काढल्याशिवाय रस्त्यावर सोडली नव्हती.

"पाऊण तासाचा तर रस्ता," थंडोबा कोणाकडेही न बघता म्हणाला. "बस रे, निघू."

गाडी निघाली. रस्ता चढाचा होता. पंचवीस मिनिटं गाडी गुणी बाळासारखी चालली. मग काटा मधल्या रेघेवरून उठला. थंडोबाने हीटर पूर्ण गरमवर टाकला, कारण तापलेल्या इंजिनाची उष्णता थोडी तरी तिकडून बाहेर पडते. झरोक्यातून वारा आला तो थंडगार.

"वा!" अर्जंटराव खूश झाला. "एसी छान आहे तुमचा."

"हा हीटर आहे," थंडोबा म्हणाला. "पूर्ण गरम."

हीटरमधून थंड वारा म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणजे पाहुणा पंख्याखालच्या खुर्चीत बसलेला आहे. काटा लाल पट्ट्याला टेकला, बोनेटच्या फटीतून वाफेची एक बट निघाली, आणि थंडोबाने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तीन पंचवीस.

पुढचं मी अर्जंटरावाकडून ऐकलेलं (हॉलमधलं नंतर सिस्टरांनी सांगितलं). तो सांगतो तेव्हा गोष्टही अर्जंट होते, म्हणून मी सावकाश सांगतो.

थंडोबाने बोनेट उघडलं. डिकीतून पाण्याचा कॅन काढला. जाड फडकं काढलं. फडकं झाकणावर टाकलं. आणि हात फडक्यावर ठेवला. नळीवर तळहात ठेवला नाही, वीस मोजले नाहीत. सरळ झाकणावर. फडक्याखालून सूं असा बारीक आवाज येत होता. थंडोबाच्या कपाळावर मघाचा काळा पंजा घामाने गळत होता. मनगटाखाली तो जुना डाग.

"चारला फोटो आहे," तो झाकणाला म्हणाला.

अर्जंटरावाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी थांबवलं. त्याने दोन्ही हातांनी भावजींचं मनगट धरलं. "भावजी, नाही."

"सोड. नुसतं पाणी ओततो आणि निघू."

"भावजी, ताईला शब्द दिलाय तुम्ही! त्या शब्दापायी लग्नात तुमची वाट बघत होतो की मी. चौदा वर्षांचा होतो, पण होतो." आणि मग त्याच्या तोंडून जे शब्द निघाले त्यांचा त्यालाही धक्का बसला. "गार होऊ दे."

दोघं तसेच उभे राहिले, हात धरून. बाजूने जाणाऱ्या एका सायकलवाल्याने मान वळवून पाहिलं. शेवटी थंडोबाने बोटं सैल केली, फडकं उचललं आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर मटकन बसला.

"पाऊण तास," तो म्हणाला. "गेला फोटो."

"का गेला?"

"अरे, गाडी गार व्हायला पाऊण तास लागेल."

"मग लागू दे की. गाडी होईल गार. तुम्ही कशाला बसताय तिच्याजवळ? तुम्ही बसलात म्हणून लवकर होते का?"

थंडोबाने मान वर केली. अर्जंटराव म्हणतो, भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विजेचा शोध लावला. एकतीस वर्षं हा माणूस प्रत्येक तापलेल्या गाडीशेजारी नातेवाइकासारखा बसून होता, आणि गाडी सोडून माणूस पुढे जाऊ शकतो ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरलीच नव्हती. आमच्यापैकीही कोणाच्या नाही. आम्ही तर बाकावर बसायचो.

"मी थांबतो गाडीपाशी," अर्जंटराव म्हणाला. "हात लावणार नाही. शप्पथ."

तेवढ्यात मागून लाँड्रीची गाडी आली. इस्पितळाच्या धुतलेल्या चादरी रोज याच वेळी जातात. लाँड्रीवाला बाकावरचा जुना बसणारा. त्याने ब्रेक मारला.

"थंडोबा? तू, आणि तुझी गाडी तापली?" त्याला हा दिवस बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. "बस, बस. पुढे जागा नाही, बास्केटं आहेत. मागे चढ. आणि ए! हात वर! पांढऱ्या चादरी आहेत. एक बोट लागलं तर मोठ्या सिस्टर माझी चामडी लोळवतील."

"मोठ्या सिस्टर माझ्याच आहेत."

"म्हणूनच सांगतोय."

तर थंडोबा इस्पितळाच्या आवारात शिरला तो चादरींच्या ढिगाऱ्यावर बसून, दोन्ही हात वर करून, पोलिसांना शरण आलेल्या दरोडेखोरासारखा. फाटकावरच्या रखवालदाराने सलाम ठोकला.

हॉलमध्ये घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती. हॉल रिकामा होता. एक बाई केर काढत होती. स्टेजवर खुर्च्या एकावर एक रचलेल्या. थंडोबाला वाटलं, संपलं सगळं. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय वाटणार. तो पहिल्या रांगेत जाऊन बसला. हात अजून वरच होते.

पाचेक मिनिटांनी सिस्टर वॉर्डातली फाइल घेऊन दारावरून जात होत्या. त्यांनी आत पाहिलं, पुढे गेल्या, थांबल्या, मागे आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग तुम्ही इथे कसे? आणि हात का वर केलेत?"

"चादरींमुळे. फोटो झाला का?"

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता फाइल पडली, कागद पसरले. "अहो, कार्यक्रम पाचला आहे! तुम्हाला चारचं सांगितलं. एक तास तुमच्या इंजिनासाठी धरला होता मी."

थंडोबाने हात खाली घेतले. मग सगळी हकिगत सांगितली. पाटी, टायर, पायपंप, झाकण. झाकणावर तो अडखळला, पण त्याने ते गाळलं नाही. "उघडणार होतो मी," तो म्हणाला. "हात ठेवला होता. तुझ्या भावाने धरलं."

सिस्टरांचं हसू थांबलं. त्यांनी त्याचा उजवा हात ओढून उलटसुलट करून पाहिला, तळवा, मनगट, बोटांची टोकं, तीस वर्षं लोकांचे हात बघतात तसा. मग सोडला.

"माझ्यासाठीसुद्धा नाही म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

"तू सकाळी हळू बोललीस."

सिस्टरांनी खाली वाकून कागद गोळा केले. त्याला जरा जास्तच वेळ लागला.

पाचला फोटोग्राफर आला, घड्याळ बघतच. मोठे डॉक्टर मागे उभे राहिले, शिकाऊ परिचारिका बाजूने, मधोमध सिस्टर आणि त्यांच्या शेजारी, घड्याळाप्रमाणे पाच वाजून सहा मिनिटांनी, साक्षात थंडोबा. वॉर्डातल्या दोन जुन्या परिचारिका त्याला हात लावून गेल्या, खरा आहे का बघायला. सिस्टरांनी पलीकडे आणखी एक खुर्ची ठेवायला सांगितली.

"ही रिकामी खुर्ची काढा," फोटोग्राफर म्हणाला.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "माझा भाऊ यायचा आहे. आमच्या घरच्या फोटोत एक रिकामी खुर्ची असतेच."

फोटोग्राफरने बटण दाबायच्या क्षणी थंडोबाने सिस्टरांच्या पाठीमागून हात लांबवला आणि त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. त्यामुळे फोटोत त्याचा काळा पंजा सगळ्यात ठळक आलाय.

मग भाषणं झाली. मोठ्या डॉक्टरांचं भाषण आधी बराच वेळ नुसतं फुसफुसलं, मग थोडं पाणी आलं, मग पुन्हा फुसफुस. अखंड धार शेवटपर्यंत आलीच नाही. थंडोबा पहिल्या रांगेत अस्वस्थ होऊन स्क्रू शोधत होता.

साडेसहाला उन्हं कलताना लाँड्रीवाल्याने नवराबायकोला गाडीपाशी आणून सोडलं. अर्जंटराव दगडावर बसला होता. गाडी दोन तासांपूर्वीच गार झाली असणार. तरी तो तसाच बसून. पाटी त्याने मांडीवर घेतली होती, तीवर लिहिलं होतं, ‘गार होत आहे.’

"ताई, मी हात लावला नाही," तो म्हणाला. आवाजात असा अभिमान, की त्याच्याही आत थोडी हवा शिरली असावी. "तीन तास! एकदाही नाही."

सिस्टरांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि मग तिथेच हात ठेवला.

गाडीचं तोंड चढाकडेच होतं, ते बरं झालं. थंडोबाने मेहुण्याला पुढे केलं. "नळीवर तळहात ठेव. मोज."

अर्जंटरावाने तीन सेकंदांत वीस मोजले.

"पुन्हा," सिस्टर गाडीत बसून म्हणाल्या.

मग फडकं, मग तोंड वळवून झाकण, मग फनेल, मग डिकीतलं कूलंट. सिस्टरांनी हीटर गरमवर टाकून गाडी सुरू केली. थंडोबाने मेहुण्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, पंख्यात जाऊ नयेत म्हणून, आणि स्क्रू दाखवला. "अर्धा आटा. जास्त नाही. आणि तोंड आत घालू नकोस."

फुस्स झालं. बुडबुडे आले. थुंकी आली. पुन्हा बुडबुडे. थंडोबा बारीक धारेने फनेलमध्ये भर घालत राहिला. अर्जंटराव एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता, पण बोटं स्क्रूवरून हलली नाहीत. मग एकदम दोऱ्यासारखी धार लागली, आणि आतून सिस्टर ओरडल्या, "अहो, इथे गरम वारा यायला लागला!"

"बंद कर," थंडोबा म्हणाला. अर्जंटरावाने स्क्रू आवळला.

त्यांनी पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत वाट पाहिली, झाकण लावलं, बोनेट टाकलं. खाली दोन थेंब सांडले होते आणि एक कुत्रं वास घेत येत होतं. सिस्टरांनी उतरून आधी त्याला हाकललं आणि मग ते थेंब फडक्याने स्वच्छ पुसून घेतले, कारण कूलंट गोड लागतं आणि जीव घेतं. अर्जंटरावाने पाटी पुसली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘हवा काढली.’

सिस्टरांनी पाटी वाचली. गाडीभोवती एक फेरी मारून आल्या, चारही टायरांना बुटाने एकेकदा दाबून पाहिलं, आणि मगच गाडीत बसल्या.